आराखडा देवापुढे ठेवताना

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. पुढच्या पाच वर्षांचा तुझा बेत वाचून फार बरं वाटलं. शिक्षण, नोकरी, आईवडिलांना हातभार, मग मंडळीतल्या मुलांसाठी काम, सगळं नीट विचार करून लिहिलं आहेस. शेवटी मात्र विचारतोस, "मावशी, हे सगळं प्रभूच्या हाती सोपवायचं म्हणजे सोडून द्यायचं का?"

नाही रे. सोडून देणं वेगळं आणि सोपवणं वेगळं. हा फरक कळायला मला बराच वेळ लागला.

तुझ्याच वयाची असताना मला एका अभ्यासक्रमाला जायचं होतं. रोज रात्री गुडघे टेकून मागायची. प्रार्थनेच्या शेवटी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' असंही म्हणायची, पण अर्जाखाली सही करावी तसं. अर्ज माझा, मजकूर माझा, देवाने फक्त मंजूर करायचं. प्रवेश नाकारल्याचं पत्र आलं, ते मी बायबलमध्ये खुपसून ठेवलं आणि तीन आठवडे बायबल उघडलंच नाही. राग देवावर होता, आणि तो त्याला सांगायचीही मला भीती वाटत होती.

शेवटी उघडलं तेव्हा पाकीट होतं त्या पानावर 37 वं स्तोत्र होतं. 'आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे.' आमच्या पाळकांनी पुढे सांगितलं की, मूळ हिब्रूत इथे 'लोटणे' असा शब्द आहे, धोंडा लोटतात तसं. म्हणजे ओझं उचलून डोक्यावर घ्यायची ताकद नसली तरी चालतं. ते जसं आहे तसं ढकलत ढकलत त्याच्यापर्यंत न्यायचं. त्या रात्री मी पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. 'प्रभू, मला हे फार हवं होतं आणि तू दिलं नाहीस, मला वाईट वाटतंय.' एवढीच. पण त्यात खोटं काही नव्हतं.

वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभूने प्रार्थना केली, तो गेथशेमाने बागेतला प्रसंग पुन्हा वाच. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे प्रभूच्या त्या प्रार्थनेतलं पहिलं वाक्य नाही. आधी तो स्पष्ट मागतो, होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. आपण घाईघाईने दुसऱ्या वाक्यावर उडी मारतो, कारण पहिलं बोलणं अविश्वासाचं वाटतं. ते अविश्वासाचं असतं तर येशूने उच्चारलं असतं का? आणि शुभवर्तमानात मत्तय लिहितो की तो तीनदा प्रार्थनेला गेला, तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलला. म्हणून सकाळी सोपवलेली काळजी दुपारी तुझ्या हातात परत आलेली दिसली, तर स्वतःला दोष देत बसू नकोस. परत ने.

आता दावीद राजाचं सांगते. हे मला सगळ्यांत जवळचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दावीद गंधसरूच्या घरात राहत होता आणि देवाचा कोश, म्हणजे त्याच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, तंबूत होता. त्याला ते खुपलं. मंदिर बांधायचं मनात आलं. यात स्वार्थ कुठे होता? नाथान संदेष्ट्याला सांगितलं, तर तोही म्हणाला, जा, मनात आहे ते कर. आणि त्याच रात्री देवाने नाथानाला सांगितलं की नाही, मंदिर दावीद बांधणार नाही, त्याचा मुलगा बांधेल. बघ, बेत चांगला होता, देवमाणसाने होकार दिला होता, तरी उत्तर नकाराचं आलं. म्हणून मोठ्यांचा सल्ला जरूर घे, माझाही घे, पण त्यालाच देवाचा शब्द समजू नकोस. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ उत्तर मानायची, हेही करू नकोस.

त्या नकाराबरोबर देव आणखी काय म्हणाला? तू माझ्यासाठी घर बांधणार? मीच तुझं घर उभं करीन. म्हणजे त्याचं घराणं. आणि आपण ख्रिस्ती माणसं तर जाणतो की त्या घराण्यात पुढे कोण जन्माला आला. दावीदाला त्या रात्री यातलं कितीसं दिसलं असेल? तो जाऊन परमेश्वरापुढे बसला, एवढं शास्त्र सांगतं. मी कोण, की तू मला इथवर आणलंस, असं म्हणाला. हे वाचताना अजूनही माझे डोळे भरून येतात.

पण तो नुसता बसून राहिला नाही. बायबलमधल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात 22 वा अध्याय काढ. दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड, पितळ, गंधसरूचं लाकूड, सगळं त्याने जमवलं, स्वतः बांधणार नाही हे माहीत असताना. पुढे 28 व्या अध्यायात तो मंदिराचा आराखडा आपल्या मुलाच्या, शलमोनाच्या हाती देतो. सोपवणं म्हणतात ते हे. हताश झालेला माणूस खिळे मोजत नाही. आणि मंदिर झाल्यावर शलमोन सगळ्यांसमोर सांगतो की देव माझ्या बापाला म्हणाला होता, हे तुझ्या मनात आलं हे तू चांगलं केलंस. नाकारलेला बेतही देवाला आवडला होता, बाळा.

तेव्हा तुझा बेत फाडू नकोस. कागदावर लिही, तारीख घाल. दार लावून तो देवाला मोठ्याने वाचून दाखव. कुठल्या ओळीवर आवाज अडतो ते बघ. बहुतेक तीच ओळ तू अजून घट्ट धरून ठेवली असशील. तिथे थांब, का धरली आहेस ते त्याला सांग. लगेच काही ऐकू येईल असं नाही. थोडा वेळ गप्प बसून उठ आणि अभ्यासाला लाग, कारण परीक्षा सोमवारी आहे आणि ती तुलाच द्यायची आहे.

सोमवारी सकाळी मी तुझं नाव घेऊन प्रार्थनेला बसेन. निकाल लागला की कळव. मनासारखा नाही लागला तर आधी कळव.

ख्रिस्तात तुझी,
मावशी