सोसायटीत माल द्यायला जाताना टेम्पो कुठे लावायचा? रिव्हर्स घेताना आणि उतारावर काय काळजी घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की छोटा हत्ती घेऊन नुकतंच पार्सल आणि फर्निचर पोचवायचं काम धरलंय, सोसायटीच्या आत रिव्हर्स घ्यायची भीती वाटते आणि उतारावर गाडी सोडून जावं की नाही कळत नाही. मी पुण्यात हेच काम करतो, वारजे, बावधन, सूस, आंबेगाव अशी लाईन आहे, म्हणजे सगळा चढउताराचाच भाग, त्यामुळे जे रोज करतो तेच सांगतो.

पहिली गोष्ट, गाडी विंगच्या दारापर्यंत न्यायचा हट्ट सोडा. कस्टमर फोनवर म्हणतात दादा अगदी लिफ्टजवळ आणा ना, पण हातात किंवा ट्रॉलीवर जाणारा माल असेल तर गेटजवळ व्हिजिटर पार्किंगला गाडी लावून चालत जा. आपली भीती हायवेची असते, तिथे आपण जागे असतो, आणि सोसायटीत शिरलं की स्पीड दहाचा म्हणून माणूस ढिला पडतो, डोकं पुढच्या डिलिव्हरीत, एक हात मोबाईलवर ओटीपी बघत, आणि नेमकी तिथेच सायकलवाली पोरं, काठी टेकत फिरणारे आजोबा, गाडीखाली सावलीला झोपलेलं कुत्रं हे सगळं असतं. गाडी जेवढी कमी आत तेवढा धोका कमी, साधा हिशोब आहे.

फ्रिज, कपाट असं जड काही असलं की आत जावंच लागतं. तेव्हा रिव्हर्स घ्यायचाच असेल तर आल्या आल्या घ्या आणि निघताना गाडी सरळ बाहेर निघेल अशी लावा. बहुतेक जण उलटं करतात, नाक आत घालून लावतात आणि निघताना मागे घेतात. आत येताना तुम्ही समोरची जागा आत्ताच डोळ्याने बघितलेली असते, पण माल चढवून, सही घेऊन, पंधरा-वीस मिनिटांनी खाली येता तोवर मागे कोण येऊन बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून निघायच्या आधी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारायची, खाली वाकून चाकांमधे बघायचं, आणि चक्कर मारली की लगेच निघायचं, मधे फोन घेतला तर परत चक्कर. संध्याकाळी पाच ते सात आणि एप्रिल-मेच्या सुट्टीत तर हे चुकवूच नका. हौद्याच्या मागे उभं असलेलं तीन-चार वर्षांचं पोर कुठल्याच आरशात दिसत नाही हो. 1 जुलै 2019 पासून नवीन कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, पण आपल्या गाडीला ते असले तरी त्यांच्यावर सगळं सोडू नका, फार खालची किंवा बारीक वस्तू त्यांना कळेलच असं नाही.

हेल्पर असेल तर त्याला आधीच समजावून ठेवा की गाडीच्या बरोबर मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करायचं नाही, मागे भिंत असेल तर तोच चेपला जाईल. त्याने ड्रायव्हरच्या बाजूला, उजव्या आरशात दिसेल असं उभं राहायचं, आणि तो आरशातून गायब झाला की तुमचा पाय ब्रेकवर, विचार करायचा नाही. हौद्यावर थाप मारायची तर आमच्याकडे एसटीच्या घंटीसारखंच ठरलंय, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एकटे असाल तर वॉचमनला बोलवा, काच खाली, गाणी बंद.

आता उतार. हँडब्रेक एकट्यावर भरवसा नको, जुन्या गाडीची केबल सैल असते. तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून इंजिन बंद. डाव्या कडेला लावताय आणि फुटपाथची कड आहे, तर तोंड उताराकडे असताना चाकं डावीकडे वळवा, चढाकडे असताना उजवीकडे, म्हणजे गाडी घसरलीच तर चाक कडेला अडतं. कड नसेल तर दोन्ही वेळी डावीकडेच. शिवाय दगड किंवा लाकडाचा ठोकळा कायम गाडीत ठेवा, मात्र निघताना तो रस्त्यात टाकून जाऊ नका, रात्री एखादा टू व्हीलरवाला त्यावर पडेल. आणि "दोनच मिनिटं" म्हणून इंजिन चालू ठेवून उतरायचं नाही. मोटार वाहन कायदा 1988, कलम 126 हेच सांगतं, सार्वजनिक जागी गाडी सोडायची तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला पाहिजे, नाहीतर लायसनवाला माणूस सीटवर पाहिजे.

ड्रेनेजच्या चेंबरच्या झाकणांवर चाक नेऊ नका, आतल्या रस्त्याची झाकणं बऱ्याचदा हलकी असतात. फायर ब्रिगेडच्या गाडीसाठी सोडलेल्या जागेत पाच मिनिटंसुद्धा नाही. बेसमेंटला आधी उंचीची पाटी बघा, आणि उन्हातून आत शिरताना काही सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही, तिथे हेडलाईट लावून थांबत थांबतच उतरा, पावसाळ्यात रॅम्प ओला असतो.

मेन रोडला लावली तर आपलं दार ट्रॅफिकच्या बाजूला उघडतं. ते डाव्या हाताने उघडायची सवय लावा, अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी बाईक दिसते.

टू व्हीलरवर डिलिव्हरी करणाऱ्यांपैकी कोणी वाचत असेल तर, उतारावर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, तोंड खाली असेल आणि गाडी पुढे सरकली तर साईड स्टँड मिटतो. मे महिन्यात डांबर मऊ होतं, स्टँड रुततो, खाली फरशीचा तुकडा टाका. इलेक्ट्रिक स्कूटर तर बॅग काढायच्या आधी बंदच करा, आवाज नसतो म्हणून चालू आहे हे लक्षात येत नाही आणि बॅग ओढताना ॲक्सिलरेटर पिळला की गाडी सुटते.

वॉचमनशी भांडू नका, तो कमिटीचं ऐकतो. माल किती जड आहे, किती वेळ लागेल ते सांगा आणि कुठे लावू हे त्यालाच विचारा. बाहेर वळणावर लावायला लावत असेल तर मात्र शांतपणे नाही म्हणा आणि कस्टमरला खाली बोलवा, कंपनीच्या ॲपवर लेट दिसलं तरी चालेल.

आणि अजून केलं नसेल तर बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, तुमचा आणि हेल्परचाही. 18 ते 70 वयाला मिळतो, वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. तो 31 मेला संपतो आणि पुढच्या वर्षाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, तेव्हा मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे ठेवा.