छोट्या खासगी विमानात खाली उतरताना स्पीडब्रेक वापरणे योग्य आहे का?

नवी मुंबई विमानतळावर उतरताना प्रवासी विमानाच्या पंखावर उभ्या राहिलेल्या पट्ट्या, म्हणजे स्पीडब्रेक, आपण पाहिल्या आणि विचारले की, चार आसनांच्या खासगी विमानातही अशी सोय असते का, आणि ती वापरावी लागली म्हणजे वैमानिकाचे नियोजन चुकले असे समजावे का. मी ठाण्यात राहतो आणि खासगी वैमानिकाच्या परवान्यावर एका इंजिनाची विमाने चालवतो. नियोजन अगदी काटेकोर असले, तरी हवाई वाहतूक नियंत्रकाच्या एका सूचनेने ते बदलू शकते, आणि स्पीडब्रेकचा खरा उपयोग तेव्हाच होतो, असे माझे मत आहे.

सेस्ना १७२ सारख्या विमानाची चाके कायम बाहेर असतात आणि पंखांना बाहेरून टेकू दिलेले असतात. हवेचा विरोध मुळातच इतका असतो की इंजिनाची शक्ती कमी करताच ते विमान खाली येऊ लागते, म्हणून त्याला वेगळ्या ब्रेकची गरज भासत नाही. मूनीसारख्या चाके पोटात घेणाऱ्या, गुळगुळीत बांधणीच्या विमानाचे तसे नाही. त्याचे नाक खाली केले की उंची कमी होण्याबरोबरच वेगही भराभर वाढतो. अशा विमानांच्या पंखांच्या वरच्या पृष्ठभागातून बटण दाबताच पातळ पट्ट्या वर येतात. त्या आपल्या जागेपुरते पंखाचे उत्थापन (विमानाला वर उचलून धरणारे बल) बिघडवतात आणि हवेचा विरोध वाढवतात, त्यामुळे वेग न वाढता विमान अधिक तीव्र उताराने खाली येते.

उदाहरणादाखल, नाशिककडून जुहू विमानतळाकडे ८,५०० फुटांवरून येणारे विमान घेऊ. ते १,५०० फुटांपर्यंत आणायचे, म्हणजे ७,००० फूट उंची कमी करायची. मिनिटाला ५०० फूट या सुखावह दराने त्याला १४ मिनिटे लागतात. जमिनीसापेक्ष वेग १६० नॉट (म्हणजे ताशी १६० सागरी मैल) असेल, तर तेवढ्या वेळात सुमारे ३७ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ६९ किलोमीटर अंतर कापले जाते. तेव्हा शहापूरच्या आसपासच उतरायला सुरुवात करावी लागते. आता मुंबईच्या गर्दीमुळे नियंत्रकाने कल्याणपर्यंत उंची सोडू दिली नाही असे समजा. तिथून जुहू सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर, हाती उरलेला वेळ जेमतेम सात मिनिटे, आणि लागणारा दर मिनिटाला १,००० फूट.

शक्ती तशीच ठेवून नाक खाली केले, तर वेगदर्शकाचा काटा पिवळ्या पट्ट्यात जातो, आणि त्या वेगाने फक्त शांत हवेतच उडावे असा नियम आहे. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा तशी क्वचितच असते. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) एकदम मागे ओढला, तर हवेने थंड होणारे इंजिन झपाट्याने निवते. त्यामुळे सिलिंडरला तडे जातात की नाही, यावर जाणकारांत जुना वाद आहे. मला मात्र शक्ती टप्प्याटप्प्याने कमी करणेच पटते, कारण त्यात तोटा काहीच नाही. चाके बाहेर काढणे हाही चांगला उपाय आहे, पण त्यासाठी आधी वेग ठरावीक मर्यादेखाली आणावा लागतो, आणि फ्लॅपची (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या भागांची) मर्यादा तर बहुधा त्याहूनही खाली असते. स्पीडब्रेक मात्र वेग जास्त असतानाही उघडता येतात (नेमकी मर्यादा त्या त्या विमानाच्या पुस्तिकेत पाहावी) आणि इंजिनाला पुरेशी शक्ती देत राहता येते.

प्रवाशांच्या कानांना मात्र यातून दिलासा मिळत नाही. छोट्या विमानाच्या केबिनमध्ये बहुधा हवेचा दाब राखलेला नसतो, त्यामुळे मिनिटाला १,००० फुटांचा उतार त्यांना थेट सोसावा लागतो, आणि सर्दी झालेल्या माणसाला किंवा तान्ह्या बाळाला तो फार दुखतो. म्हणून उंची सोडण्याची परवानगी वेळेआधीच मागणे, ती न मिळाल्यास वेग कमी करून किंवा एखादी गोल फेरी मारून वेळ मिळवण्याची अनुमती विचारणे, हे मी स्पीडब्रेकच्या आधी ठेवतो.

या पट्ट्यांवरचा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १६० नॉटला मिळणाऱ्या विरोधाचा सुमारे चौथा भागच ८० नॉटला मिळतो. त्यामुळे हे ब्रेक उताराच्या सुरुवातीला, वेग असतानाच कामी येतात. धावपट्टीच्या जवळ ते उघडे राहिले आणि उतरणे रद्द करून पुन्हा वर चढावे लागले, तर चढण्याची क्षमता नेमकी हवी तेव्हाच घटलेली असते. इंजिन बंद पडल्यास तर ते तत्काळ मिटवायला हवेत, कारण उघड्या पट्ट्यांमुळे विमान तरंगत जाऊ शकेल ते अंतर घटते. ब्रेक मिटवल्यावर दोन्ही पंखांकडे नजर टाकून दोन्ही पट्ट्या आत गेल्याची खात्री मी करतो. एकच पट्टी उघडी राहिली तर विमान त्या बाजूला ओढले जाते. आपण अशा विमानात प्रशिक्षण घेणार असाल, तर प्रशिक्षकासोबत पुरेशा उंचीवर ते एकदा उघडून पाहावेत आणि आपल्या विमानाचा खाली येण्याचा दर कोणत्या वेगाला किती वाढतो, हे वहीत लिहून ठेवावे.