‘कार्ड पुढे बदलता येईल’ असं सांगून विकलेला लॅपटॉप

प्रश्न : मी घरून व्हिडिओ एडिटिंग करून कुटुंब चालवतो. १४ महिन्यांपूर्वी एक महाग लॅपटॉप घेतला. ‘एमएक्सएम ग्राफिक्स, पुढच्या पिढीचं कार्डही बसेल’ अशी जाहिरात होती. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं, नवं कार्ड बसणार नाही. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करू का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : पोलिसांत जाऊ नका. विकतानाच फसवायचा हेतू होता हे सिद्ध करणं अवघड आहे, आणि त्यात तुमचे महिने वाया जातील. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोगात आहे.

तुमची केस जाहिरातीतल्या कोणत्या शब्दावर उभी करायची, हे आधी ठरवा. एमएक्सएम हे लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड काढून बदलता यावं म्हणून एनव्हिडिया या चिप कंपनीने २००४ मध्ये आणलेलं मानक. तिसऱ्या आवृत्तीत ‘ए’ प्रकारचं कार्ड ८२ × ७० मिलिमीटर, ‘बी’ प्रकारचं ८२ × १०५. स्लॉट आणि कार्डाचा आकार मानकात ठरलेला आहे, पण उष्णता वाहून नेणारी पट्टी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने करते आणि बायोसने, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरने, नवं कार्ड ओळखायलाच हवं अशी सक्ती नाही. म्हणून नुसतं ‘एमएक्सएम’ लिहिलं असतं, तर ‘स्लॉट दिला, एवढंच सांगितलं होतं’ असं म्हणून कंपनी सुटू शकली असती. ‘पुढच्या पिढीचं कार्डही बसेल’ हे मात्र सरळ आश्वासन आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या त्याला लागू पडते. अमेरिकेत २०२१ मध्ये डेलच्या एलियनवेअर एरिया-५१एम लॅपटॉपवरून असाच दावा झाला. तिथेही मुद्दा जाहिरातीतल्या आश्वासनाचाच होता.

आतलं कार्ड मुळात एमएक्सएमच नसेल, कंपनीच्या स्वतःच्या आकाराचं असेल, तर तुमची बाजू आणखी भक्कम. मग खोटेपणा मोजपट्टीनेच दिसेल. पण कृपा करून लॅपटॉप स्वतः उघडू नका, नाहीतर बिघाड तुम्हीच केला असं म्हणायला कंपनीला वाव मिळेल. सर्व्हिस सेंटरलाच उघडायला लावा आणि कार्ड का बसत नाही ते कारण जॉब शीटवर लिहून घ्या. ते तोंडीच बोलत राहिले, तर त्याच दिवशी ईमेल करून उत्तर मागा. गरज पडल्यास आयोगही वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो.

जाहिरातीचं पान आजच तारखेसह जतन करा, कारण अशी पानं बघता बघता बदलतात. बिल, खोक्यावरचा मजकूर, विक्रेत्याशी झालेलं चॅट सगळं जपा. डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. तुम्ही ती नकार मिळाला त्या दिवसापासून मोजाल, कंपनी खरेदीपासून मोजेल. त्या वादात पडूच नका. खरेदीची तारीख धरून उरलेल्या १० महिन्यांच्या आत तक्रार दाखल करा. आधी कंपनी आणि विक्रेता दोघांना १५ दिवसांची नोटीस द्या. राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येईल, ऑनलाइनही. १४ महिने वापरल्यावर पूर्ण रक्कम मिळेलच असं मी म्हणणार नाही. ती मागा, आणि पर्याय म्हणून चालेल असं कार्ड बसवून देणं किंवा नुकसानभरपाई मागा.

कंपनीचा वकील एक हरकत हमखास घेईल : लॅपटॉप व्यवसायासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने ‘व्यवसायासाठी’ या व्याख्येतून वगळलं आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच ठरता. तुम्ही एकट्याने काम करता, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा.