पोचपावतीपासून सुरू होणारा हक्क

प्रश्न : आमच्या कार्यालयात ‘नागरिकांची सनद’ (कोणती सेवा किती दिवसांत मिळेल याचा तक्ता) कित्येक वर्षे भिंतीवर लावलेली आहे आणि दप्तर दिरंगाईविरुद्धचा कायदाही आहे. तरीही मुलीच्या दाखल्यासाठी ‘कागद अपुरे आहेत’ असे तोंडी सांगून मला तीनदा परत पाठवले. मग २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने नवे काय दिले? – एक वाचक

उत्तर : दोन्ही कायद्यांचा रोख वेगळा आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या कायद्याने कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असे बंधन घातले. सनद प्रसिद्ध करण्याची सक्तीही त्यातलीच. मात्र दिरंगाई झाल्यास कारवाई वरिष्ठांनी शिस्तभंगाच्या नियमांनुसार करायची होती, आणि ज्याचे काम अडले त्याच्या हाती तक्रारीपलीकडे फारसे काही उरत नव्हते. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये देशात प्रथम ही स्थिती बदलून वेळेत सेवा मिळणे हा नागरिकाचा कायदेशीर हक्क केला. महाराष्ट्रात तो बदल २०१५ मध्ये आला. आता अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली सरकारने जाहीर केलेली, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. ती न मिळाल्यास दोन अपिले त्याच यंत्रणेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे आणि तिसरे राज्य सेवा हक्क आयोगाकडे करता येते, आणि पुरेशा कारणाशिवाय विलंब करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपवली आहे त्याला) ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आपले काम अडले ते मात्र याच्याही आधी, खिडकीवर. मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. म्हणून अर्ज घेतलाच नाही, तर मुदतही नाही आणि विलंबही नाही. कागदोपत्री ते कार्यालय वेळेत काम करणारेच दिसते, आणि मला या कायद्यातली सर्वांत दुखरी जागा हीच वाटते, कारण ती फेऱ्या मारण्यात ज्यांची दिवसभराची मजुरी बुडते त्यांनाच जास्त छळते. कायद्याने यावर उपाय दिला आहे: अर्जाची पोच तारीख आणि क्रमांकासह मिळाली पाहिजे, आणि अर्ज नाकारायचा तर कारणे लेखी कळवली पाहिजेत. म्हणून चौथ्यांदा जाताना अर्ज रीतसर दाखल करा, शक्य असल्यास ‘आपले सरकार’ पोर्टलवरून, म्हणजे क्रमांक आपोआप मिळेल. मुदत उलटल्यास किंवा नकार आल्यास तेव्हापासून ३० दिवसांत पहिले अपील करता येईल.