आईच्या गुडघ्याला ‘लेडीज’ इम्प्लांटच बसवावं का?

तुमची आई खानापूरची, वय 66, दोन्ही गुडघे झिजलेले. बेळगावात ‘बायकांसाठी खास’ इम्प्लांटचे (बसवायच्या कृत्रिम सांध्याचे) जादा पैसे सांगितलेत, ते द्यावेत का, असा तुमचा प्रश्न. नुसत्या नावासाठी देऊ नका. माप नीट बसतंय का, एवढंच धरून बसा.

झिमर या इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीनं 2006 साली बायकांसाठी वेगळा गुडघा बाजारात आणला, तेव्हापासून ही जाहिरात चालू आहे. त्यामागचं कारण मात्र खरं आहे. मांडीच्या हाडाचं खालचं टोक पुढून मागे तेवढंच भरलं, तरी बायकांत ते आडवं बहुधा अरुंद असतं. साइज ठरते ती मुख्यतः पुढून-मागच्या मापावर. त्या साइजचा साधा तुकडा बसवला की धातू कडेनं हाडाबाहेर डोकावतो. तो 3 मिमी किंवा जास्त बाहेर राहिला, तर आजूबाजूला घासून दुखणं मागे राहण्याची शक्यता वाढते. बरं, एक साइज लहान घ्यावी, तर मागचं हाड जास्त कापलं जातं आणि गुडघा वाकवल्यावर सैल लागतो. ते टाळायला पुढून जास्त कापलं, तर हाडाला खाच पडते आणि पुढे तिथंच मोडायची भीती. या पेचातून नॅरो, म्हणजे आडवी अरुंद, साइज सोडवते, आणि ती आता झिमरच्या पर्सोना किंवा डिप्यूच्या अ‍ॅट्यूनसारख्या नेहमीच्या सेटमध्येही असते. एकाच बाईच्या एका पायात खास आणि दुसऱ्यात साधं इम्प्लांट बसवूनही तुलना झालीय. दुखणं किंवा चालणं यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

तेव्हा सर्जनना सरळ विचारा, “नॅरो साइजेस ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमध्ये असतील ना?” सेट बाहेरून मागवतात, त्यामुळे हे आदल्या दिवशीच पक्कं करा.

आईला बेन्टेक्सचे कानातले घातले की कान चिघळतो का? मग तेही सांगा. नेहमीच्या इम्प्लांटच्या धातूत, कोबाल्ट-क्रोममध्ये, थोडं निकेल असतं. तशी अ‍ॅलर्जी असेल तर ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम या दुसऱ्या धातूच्या इम्प्लांटचा विचार करतात. जादा पैसे द्यायला हे कारण पटण्यासारखं आहे. मांडी घालून बसता येईल म्हणून हाय-फ्लेक्स (जास्त वाकतं म्हणून विकलं जाणारं इम्प्लांट) घेऊ नका. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावर ते जास्त ठरतं.

ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं कमाल किमती बांधल्या, त्या जीएसटी सोडून अशा होत्या: कोबाल्ट-क्रोम 54,720 रुपये, हाय-फ्लेक्स 56,490, टायटॅनियम किंवा झिर्कोनियम 76,600. आजचा आकडा औषध किंमत प्राधिकरणाच्या साइटवर बघा. बिलात इम्प्लांटची कंपनी, बॅच आणि किंमत वेगळी लिहून घ्या. खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्जच्या फाइलला लावायला सांगा, त्यावर साइज असते.

कोल्हापूरला नेणार असाल तर महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केलीय. गुडघ्याचं पॅकेज मिळेल का, ते तिथल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) आधीच विचारा.

ऑपरेशनआधी हिमोग्लोबिन, साखर आणि लघवी तपासून घ्या. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करा.

घरी आल्यावर बायका हमखास गुडघ्याखाली उशी घेतात. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली द्या आणि गुडघा खाली दाबायला लावा. कमोडची खुर्ची ऑपरेशनआधीच आणून ठेवा. पोटरी सुजून दुखायला लागली तर मात्र मालीश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरना दाखवा.