काढ्याने गॅस गेला, जळजळ आली

प्रश्न : माझे वय ५२ आहे. हिवाळा लागला की आमच्या यावल तालुक्यात शेतांवर भरीत पार्ट्या सुरू होतात. भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा असे जेवण रात्री दहाला झाले की पोट फुगते, म्हणून आले, ओवा, पुदिना आणि ज्येष्ठमध २० मिनिटे उकळून तो काढा मी महिनाभर दिवसातून तीनदा घेत आहे. गॅस कमी झाला, पण छातीत जळजळ वाढली आहे. मला रक्तदाबाची गोळीही चालू आहे. काढा चालू ठेवावा का? (एक वाचक भगिनी, जि. जळगाव)

उत्तर : या स्वरूपात चालू ठेवू नये. पोट फुगणे आणि छातीत जळजळणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि एकीला उतार देणारी वस्तू दुसरीला वाढवू शकते, हे आपल्या काढ्यात नेमके घडले असावे. पुदिन्यातील मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करते, त्यामुळे वायू सुटतो. परंतु तेच मेंथॉल अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही सैल करते आणि आम्ल वर येते. आले मळमळीवर चांगले असले तरी जास्त प्रमाणात तेही जळजळ करते. अर्थात रात्री दहाचे तेलकट, तिखट जेवण आणि लगेच अंथरूण हे कारणही कमी नाही. भरिताला मी दोष देत नाही, वेळेला देतो.

खरी काळजी ज्येष्ठमधाची आहे. त्यातील ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात मीठ व पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम घटवतो, त्यामुळे रोज, दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो. आपली गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम आणखी खाली जाऊ शकते. ज्येष्ठमध आजच थांबवावे, रक्तदाब मोजून घ्यावा आणि हा काढा महिनाभर घेतल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. घरगुती आहे म्हणून पुष्कळ जण ते सांगतच नाहीत.

वायूसाठी एकट्या बडीशेपेचा चहा पुरेसा आहे. एक लहान चमचा बडीशेप खलात जराशी ठेचावी, कपभर उकळते पाणी ओतावे, झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळावे. ठेचल्याशिवाय दाण्यातील सुगंधी तेल नीट उतरत नाही आणि उघड्या पातेल्यात उकळत ठेवले तर ते वाफेबरोबर उडून जाते. आपले स्वयंपाकघर २० मिनिटे दरवळत असेल, तर औषध तिथेच संपत होते. हा चहा जेवणानंतर एकदा घ्यावा, जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकावे. गिळताना त्रास, शौचास काळी होणे, वजन घटणे यांपैकी काही दिसल्यास चहाच्या नादी न लागता तपासणी करावी. जळजळीसोबत घाम येऊन हात किंवा जबडा दुखला, तर तो पित्ताचा त्रास समजून घरी न थांबता त्वरित रुग्णालय गाठावे.

प्रश्न : बद्धकोष्ठतेसाठी मी सहा महिने रोज रात्री सोनामुखीचा चहा घेतो. आता कमी पानांनी पोट साफ होत नाही. पाने वाढवावीत का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : वाढवू नयेत. सोनामुखी मोठ्या आतड्याला चेतवून सहा ते बारा तासांत काम करते. सल्ल्याशिवाय ती आठवड्यापेक्षा जास्त घेण्याची वस्तू नाही. सतत घेतल्यास पोटॅशियम घटते आणि पोटात कळा येतात. सहा महिन्यांची सवय डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडवावी. दरम्यान रात्री एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यातून घ्यावे व दिवसभर पाणी वाढवावे. पाणी कमी पडले तर इसबगोलच अडकून बसते.