गर्दी वाढली की गाडी लेट होणारच का?

प्रश्न : ट्रेन लेट झाली की एकच उत्तर मिळतं, गर्दी वाढलीय. आणि वर्षाचे आकडे येतात तेव्हा म्हणे बहुतेक गाड्या वेळेवर. मग आम्ही रोज प्लॅटफॉर्मवर ताटकळतो ते काय?

उत्तर : गर्दीने उशीर होतो हे खरंय, कसा ते दारापाशीच दिसतं. उतरणारे अजून उतरतायत तोवर चढणाऱ्यांचा रेटा सुरू, दार लागता लागता कुणाची तरी बॅग अडकते, दार परत उघडतं, गेले १० सेकंद. एका स्टेशनचं काही वाटत नाही पण अशी २० स्टेशनं झाली की २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटांच्या वर, आणि गाड्याच दर ३ मिनिटांनी असतील तर मागची गाडी हिच्यामागे सिग्नलला अडकते, पुढच्या स्टेशनवर तोवर आणखी माणसं जमलेली.

पण सगळं खापर प्रवाशांवर फोडलेलं मला अजिबात पटत नाही. न्यूयॉर्क सबवेचंच बघा. २०१५ ला तिथे वर्षाला साधारण १७६ कोटी प्रवास झाले, १९४८ नंतर इतके कधीच नव्हते. पुढे प्रवासी थोडे थोडे कमी होत गेले तरी गाड्या रखडतच राहिल्या, जानेवारी २०१८ मध्ये तर वेळेवर पोचणाऱ्या गाड्या ६० टक्क्यांच्याही खाली, आणि कारण सांगायचे ते गर्दीचंच! मग अँडी बायफर्ड प्रमुख म्हणून आले, त्यांच्या टीमने सिग्नलचे टायमर, म्हणजे गाडी ठरलेल्या स्पीडपेक्षा जोरात जात नाही ना हे बघणारी यंत्रणा, तपासले तर कितीतरी बिघडलेले, त्यामुळे मोटरमन बिचारे ठरलेल्या स्पीडपेक्षाही हळूच चालवायचे. टायमर दुरुस्त केले, जमेल तिथे स्पीड लिमिट वाढवलं, आणि २०१९ मध्ये प्रवासी वाढूनसुद्धा वेळेवरच्या गाड्यांचा आकडा ८० टक्क्यांच्या वर गेला.

आता तुमच्या आकड्यांचं. ‘वेळेवर’ची व्याख्या जिथली तिथली असते. जर्मनीत ६ मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरत नाहीत, आणि रद्द झालेली गाडी त्या हिशोबात येतच नाही. न्यूयॉर्कच्या वरच्या आकड्यात गाडी शेवटच्या स्टेशनला ५ मिनिटांच्या आत पोचली की झालं, मधे तुम्ही किती थांबलात ते त्यात दिसत नाही. शिवाय मोजतात त्या गाड्या, माणसं नाही. दुपारची रिकामी गाडी वेळेवर आली तिला एक मार्क, संध्याकाळची खच्चून भरलेली लेट झाली तिचाही एकच मार्क जातो. म्हणून पुढच्या वेळी नुसती टक्केवारी सांगितली तर गर्दीच्या तासांचा आकडा वेगळा मागा, आणि रद्द गाड्या धरल्यात का तेही विचारा.